चार चमचे, चार धोंडे

परभणीत स्टेशन रोडच्या ज्या मेडिकल दुकानात माझे यजमान रंगनाथराव नोकरी करतात, तिथून एकदा औषध नेलेला माणूस दुसऱ्या खेपेला शक्यतो शेजारच्या दुकानात जातो. औषधात खोट नसते, खोट यजमानांत आहे. पुडी बांधतील, गिऱ्हाइकाच्या हातात देतील, पण स्वतःच्या बाजूचं टोक सोडणार नाहीत.

"सांगा बघू, किती घ्यायच्या?"

"दोन येळेला."

"दोन येळेला किती? एक का अर्धी? जेवनाआधी का जेवल्यावर?"

माणसाची पिंगळीकडची गाडी सुटायला आलेली असते. तो म्हणतो, "द्या की वो सायेब, खामखा येळ घालवायलाव." हे म्हणतात, "आधी सांगा." एकदा कचेरीतल्या एका बड्या साहेबाला यांनी असंच उभं केलं. साहेबानं पुडी काउंटरवर आपटली आणि निघून गेला. दुकानाचे मालक मलाच बाजारात गाठून म्हणाले, "वहिनी, आवरा यांना." मी काय डोंबल आवरणार? गेली पाच वर्षं घरात मी तेच भोगतेय. मला ताप आला तरी गोळी सरळ हातात पडत नाही, पाठ म्हणून दाखवावी लागते. शिक्षिका मी, आणि परीक्षा माझीच.

पण हे खूळ जन्मजात नाही. पूर्वी यांचं खूळ बरोबर उलट होतं. तोंडातून शब्द काढायचा नाही, लिहून द्यायचं आणि वर म्हणायचं, "वाचा."

जन्म पोखर्णीचा. नरसिंहाच्या देवळामागं घर, थोडी कोरडवाहू जमीन, वडील लवकर गेलेले. औरंगाबादेत राहून औषधांची पदविका घेतलेला गावातला हा पहिला माणूस, पण गावाच्या लेखी 'गोळ्या इकनारा रंगा'. डॉक्टर नाही, मास्तर नाही, तलाठीसुद्धा नाही. स्वतःचं दुकान काढायचं म्हणत म्हणत दुसऱ्याच्या काउंटरमागं केस पांढरे झाले. या सगळ्याचा राग यांनी काढला तो न वाचणाऱ्या जगावर. बाटलीवर सगळं लिहिलेलं असतं, कोणी वाचत नाही. खोकल्याचं औषध हलवून घ्या असं लिहिलेलं असतं, कोणी हलवत नाही. "देवानं डोळे दिलेत कशाला लोकांना? नुसते मिचकावायला?" असं रोज जेवताना. इंग्रजी लोकांना कळत नाही म्हणून यांनी बाटल्यांवर मराठी चिठ्ठ्या चिकटवायला सुरुवात केली. मात्र यांचं स्वतःचं अक्षर डॉक्टरांच्याही वरताण. त्यामुळं हे सांगायचे आणि चिठ्ठ्या लिहायची मी. माझं अक्षर शाळेत नावाजलेलं; सुविचाराचा फळा माझ्याकडेच असे.

या लेबलं वाचण्याच्या नादातच यांना सॉर्बिटॉल भेटलं. लोकांना सिनेमातली नटी आवडते, यांना सॉर्बिटॉल आवडलं. साखरेचीच एक चुलत बहीण म्हणा. नासपतीत, आलुबुखाऱ्यात ती आपसूक असते, आणि कारखान्यात मक्याच्या पिठापासून करतात. एके दिवशी खोकल्याच्या औषधाच्या दोन बाटल्या घेऊन आले. एकीचं टोपण साखरेनं असं चिकटलेलं की पक्कड लागली. दुसरीचं फुलासारखं उघडलं. "बघ, यात सॉर्बिटॉल हाय. याचे खडे धरत न्हाईत." मग भर मे महिन्यात ताटलीत दात घासायची पेस्ट काढून ती छपरावर ठेवली. परभणीच्या मेमध्ये माणूस वाळतो. पेस्ट संध्याकाळपर्यंत ओलीच होती. "ओल धरून ठेवतं," हे आनंदानं म्हणाले. दात किडत नाहीत, रक्तातली साखर एकदम उसळत नाही, सावकाश वाढते. मी म्हटलं, इतकं गुणाचं आहे तर दोष काय? म्हणाले, "गोडी साखरेच्या निम्म्याहून थोडी जास्त, बस. आन एका माणसाला दिवसाला दोन मोठ्या चमच्यांच्या वर गेलं की पोटात ऱ्हात न्हाई. पाणी वढून घेतं आतड्यात. जुलाबच."

तेव्हा मी हसले होते. हसण्याची शिक्षा पुढं मिळाली.

यांची धाकटी बहीण विमलताई चारठाण्याला दिलेली. तिचे यजमान दत्तराव म्हणजे जेवणाचे दर्दी. बोलणं थोडं, मान मोठा. पंचेचाळिशीत त्यांना डायबिटीस निघाला, आणि नेमका त्याच साली, पंच्याऐंशीत, श्रावण अधिक आला. धोंड्याचा महिना. आमच्याकडं त्या महिन्यात लेक-जावयाला बोलावून धोंडे जेवायला घालतात: कणकेच्या गोळ्यात पुरण भरून उकडायचं, वरून तुपाची धार, शिवाय अनारशांचं वाण. तीन वर्षांतून एकदा येणारा मान. तेव्हा माझ्या यजमानांनी काय करावं? आईला बजावलं, दाजींना गोड नाही म्हणजे नाही. भावकीच्या चार जावयांच्या ताटांत धोंडे, आणि आमच्या जावयाच्या ताटात ज्वारीची भाकरी अन् मेथी. चूक औषधाच्या हिशेबानं नव्हती. पंगतीच्या हिशेबानं होती. दत्तरावांनी ताटाकडं पाहिलं, पाण्यानं हात धुतला आणि उठले. "ज्या घरात जावयाला धोंडा न्हाई, त्या घरात विमलचं माहेर न्हाई."

आणि तीन वर्षं खरंच नाही पाठवलं. दिवाळी नाही, पंचमी नाही, नरसिंहाची जत्रा नाही. पोखर्णीहून चारठाणा काही विलायतेत नाही, पण सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, लेक दिसली नाही. चांगुणाबाई हे त्यांचं नाव. गावात सगळे त्यांना सुगरण म्हणून ओळखत. त्या रडत नसत. फक्त चारठाण्याकडून कोणी आलं की त्याला बळंच जेवायला बसवत आणि विमल जाड झाली का बारीक, एवढं विचारत.

अठ्ठ्याऐंशीत जेठ अधिक आला. आत्याबाईंनी महिनाभर आधी चार जाणती माणसं मध्ये घातली. दत्तरावांचा निरोप आला: येतो, पण ताट बघून ठरवीन. नीट झालं तर विमल आठ दिवस राहील. नाही झालं तर पुन्हा विषय काढायचा नाही.

आत्याबाई तशाच एस.टी.नं परभणीला आल्या आणि दुकानात यांच्यापुढं उभ्या राहिल्या. "रंगा, तू येवढा औषधाचा शिकलेला. जावायाला बाधणार न्हाई असं गोड आन. आन त्येंला कळू देऊ नगंस. रोग्याचं म्हनून येगळं केलंय कळलं तर पुन्हा उठतील."

यांच्या आयुष्यात कोणीतरी पहिल्यांदा यांचं ज्ञान मागायला आलं होतं. हैदराबादच्या ठोक व्यापाऱ्याला पत्र गेलं, पाव किलोचा डबा आला. त्याहून लहान मिळतच नव्हता. पण एवढ्यात मालकांनी रजा नाकारली; धोंड्याच्या दिवसाची एकच दिली. माझ्या शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती, मी आधी जाऊ शकले असते. पण माझा संध्याकाळचा प्रौढ शिक्षणाचा वर्ग होता आणि त्याच आठवड्यात पर्यवेक्षक तपासायला यायचे होते. दोन वर्षं खपून उभा केलेला वर्ग मी सोडणार नव्हते. म्हटलं, चिठ्ठी लिहू.

ती चिठ्ठी लिहायला आम्ही एक अख्खी दुपार घातली. हे फेऱ्या मारत सांगत होते, मी लिहीत होते. एक शब्दही इंग्रजी नको, वाक्यं लहान हवीत. शेवटी झाली ती अशी:

'डाळ दोन वाट्या. त्यात ही पावडर चार मोठे चमचे. धोंडे दहा करावेत. जावयाला चारच वाढावेत. गोड कमी लागेल. लागू द्यावं. वरून वाढवू नये. जास्त झालं तर पोट बिघडतं.'

यांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, "याहून सोपं देवबी लिहू शकणार न्हाई." मीही स्वतःच्या अक्षरावर खूश होते. डब्यावरचं लेबल खरवडून काढलं, चिठ्ठी घडी करून डब्याला सुतळीनं बांधली आणि पोखर्णीच्या गाडीचा कंडक्टर मुंजाजी याच्याकडं दिली. मुंजाजी गावचाच, तोंडाचा फाटका. त्याला तोंडी काही सांगितलं असतं तर चारठाण्याला गाडीच्या आधी बातमी पोचली असती. म्हणून फक्त म्हटलं, आईला दे.

धोंड्याच्या दिवशी आमची गाडी वाटेत पंक्चर झाली. भर उन्हात दीड तास. घरी पोचलो तेव्हा पंगत बसलेली होती. दत्तराव पाटावर, कपाळी गंध, नवा टॉवेल खांद्यावर, आणि ताटात धोंडे. दाराशी विमलताई तांब्या घेऊन उभ्या. तीन वर्षांनी माहेरच्या दारात उभ्या होत्या आणि हसायचं की नाही हे त्यांना अजून ठरवता येत नव्हतं.

हे पाय धुवायला मागच्या दारानं गेले आणि स्वयंपाकघरातून आले ते पांढरेफटक होऊन. माझ्या कानाशी म्हणाले, "डबा रिकामा हाय. उपडा घातलाय. दाजींच्या येगळ्या दहा धोंड्यांत समदं घातलं."

"म्हणजे?"

"म्हंजे एका धोंड्यात दोन चमचे."

पंगतीत आत्याबाई तूप वाढत होत्या आणि त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहत होते. "घ्या जावाईबापू. अधिकाचा महिना हाय, अधिक घ्यावं."

"पुरण लय मऊ झालंय मामी," दत्तराव म्हणाले. "आन तोंडात गार लागायलंय. काय घातलं?"

"माया," आत्याबाई म्हणाल्या, आणि तिसरा धोंडा वाढला.

यांच्यानं राहवेना. पुढं होऊन म्हणाले, "दाजी, पुरे आता."

दत्तरावांचा हात ताटातच थांबला. भावकीची माणसं जेवायची थांबली. तेच घर, तोच मेव्हणा, तेच 'पुरे'. "का वो रंगनाथराव," दत्तराव सावकाश म्हणाले, "घास मोजायलाव का?"

विमलताईंनी माझ्याकडं पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही. मी यांचा सदरा मागून ओढला आणि म्हटलं, "बसा खाली." हे बसले. पोट बिघडेल एका दिवसाचं, माहेर तुटेल जन्माचं, असा हिशेब मी तिथल्या तिथं केला, आणि तो चुकीचा होता असं मला आजही म्हणता येत नाही. दत्तरावांनी सात धोंडे खाल्ले. प्रत्येक धोंड्याला यांच्या कपाळावरची शीर उडत होती.

पुढचं सगळं सांगत नाही. तीनच्या सुमाराला दत्तराव तांब्या घेऊन ओढ्याकडं निघाले ते चालत गेले. दुसऱ्यांदा पळत गेले. पाचव्यांदा आले ते दोघांच्या खांद्यावर. अंगणातल्या लिंबाखाली बाज टाकली, त्यावर आडवे झाले. नवा टॉवेल ओला करून कपाळावर. भावकीतल्या एकानं शहाणपणा केला, साखर-मीठ-पाणी पाजा. यांनी त्याच्या हातातली वाटी हिसकावली. "साखर न्हाई! तांदळाची पेज करा, मीठ घालून." मग रांधणं, गाळणं, चमच्या चमच्यानं पाजणं, सगळं यांनीच केलं. पण लोकांचं तोंड कोण धरणार? दिवस मावळायच्या आत गावभर झालं होतं: रंगानं जावयाला जुलाबाचं औषध चारलं, मागचा राग काढला.

दत्तरावांना जरा हुशारी आली तसे ते डोळे मिटूनच म्हणाले, "रंगनाथराव, काय घातलं व्हतं ते आता सांगा."

यांनी सांगितलं. खरं सांगितलं, सगळं: साखर वाढू नये म्हणून वेगळी पावडर, हैदराबादहून आणलेली, आईनं मागितलेली. दत्तरावांनी बाजेवर कूस बदलली आणि पाठ केली. ते पाहून यांचा तीस वर्षांचा राग उसळला आणि तो नेमका आईवर उतरला.

"चिठ्ठीत लिवलं व्हतं ना आई! मराठीत लिवलं व्हतं! सुटं अक्षर, सोपी वाक्यं! या देशात कुनी काय वाचतच न्हाई का? वाचली का न्हाईस तू?"

 आत्याबाई उठल्या, आत गेल्या. आल्या तेव्हा हातात चिठ्ठी होती. देव्हाऱ्यात नरसिंहाच्या तसबिरीमागं ठेवलेली. घडी जशीच्या तशी, सुतळीचा वळसुद्धा मोडलेला नव्हता. वरच्या बाजूला हळदीकुंकवाची दोन बोटं.

ती त्यांनी लेकाला दिली नाही. माझ्यापुढं धरली.

"तुजं अक्षर असंल म्हनून देवापाशी ठेवली, पद्मा. कुनाकडून वाचून घेऊ? जावायाची गोष्ट, चार कानी झाली असती. पुरण चाखून बघितलं तर गोडच लागंना. म्हनलं, रंगानं येवढा डबा धाडला म्हंजे येवढं लागतंच असंल. आता वाच. काय लिवलंय?"

मी घडी उघडली आणि वाचलं. भर अंगणात, सगळ्यांसमोर, माझंच मोत्यासारखं अक्षर.  दोन वर्षं रोज संध्याकाळी मी एकतीस बायकांना पाटीवर गमभन शिकवत होते. परवाच पर्यवेक्षकांनी वहीत 'उत्तम' असा शेरा दिला होता. माझ्या सासूला अक्षरओळख नाही हे मला माहीत नव्हतं असं नाही. ती अख्खी दुपार ते माझ्या डोक्यात आलं नाही, एवढंच. यांच्याही नाही. पोरगा न वाचणाऱ्या जगावर दात खात राहिला, आणि त्या जगात आपली आई आहे हे त्याला दिसलं नाही.

वाचून झालं. आत्याबाईंनी एकदाच ऐकलं होतं. त्या बाजेकडं पाहत म्हणाल्या, "डाळ दोन वाट्या. पावडर चार चमचे. धोंडे दहा, जावायाला चारच. ग्वाड कमी लागंल, लागू द्यावं. वरून वाढवू नये. जास्त झालं तर पोट बिघडतं." मग लेकाकडं वळल्या. "चुकलं का कुठं?"

"न्हाई," हे म्हणाले.

"मंग त्वा नुसतं सांगितलं असतंस तर चालत नव्हतं व्हय रे? त्या दिशी दुकानात तुज्याच म्होरं हुबी व्हते."

हे पेजेची वाटी घेऊन बाजेपाशी बसले. तिथून हे उठले ते 'सांगा बघू, किती' हे शब्द घेऊनच.

दत्तरावांना चार दिवस उठवलं नाही, म्हणून विमलताईंना चार दिवस माहेर मिळालं, आणि हे बिनरजेचे, मी वर्ग बुडवून, तिथंच राहिलो. ते बाजेवर झोपलेले, आणि मायलेकी चुलीपाशी इतकं बोलत होत्या की पातेली करपली. पाचव्या दिवशी गाडीत बसताना दत्तराव सासूला म्हणाले, "मामी, मला बिनबाधेचं चारायला येवढं केलं व्हतं, तर आधी सांगायचं व्हतं. दिवाळीला धाडतो विमलला." मग थोडं थांबून, "पुढल्या धोंड्याला किती?"

"चार."

"आन चमचे?"

"चारच."

गाडी गेली. धूळ बसली. आम्हीही संध्याकाळच्या गाडीनं निघणार होतो. दुसऱ्या दिवशी माझा वर्ग होता. आत्याबाईंनी माझ्या पिशवीत अनारसे भरले, पिशवीचं तोंड बांधलं, गाठ सोडली, पुन्हा बांधली. आणि माझ्याकडं न पाहता विचारलं, "त्या तुज्या वर्गात माज्या वयाच्या बाया येतात का गं?"

"येतात आत्याबाई," मी म्हणाले. "दोघी येतात."